दोन बोटं डावीकडे

१

मिस्त्रीचा दिवस ओळंब्यापासून सुरू व्हायचा. सकाळी सातला शेडचं कुलूप काढायचं, टोपी खिळ्याला अडकवायची, डबा सावलीत ठेवायचा आणि पिशवीतून ओळंबा काढून त्याची दोरी बोटाला गुंडाळायची. पितळेचा, लिंबाएवढा, खाली टोक असलेला ओळंबा. चाळीस वर्षं त्यानं भिंती बांधल्या त्या ह्याच्या शब्दावर. माणसं खोटं बोलतात, डोळे खोटं बोलतात, कंत्राटदाराचं तर बोलायलाच नको. पण दोरीला टांगलेलं वजन खाली म्हणजे खालीच जातं. वस्तीतली माणसं मिस्त्रीलाच 'ओळंबा' म्हणायची. एक तर माणूस सरळ, आणि दुसरं म्हणजे दिवसभर टांगून ठेवला तरी तोंडातून शब्द निघायचा नाही.

आता भिंती बांधणाऱ्या माणसानं अठ्ठावन्नाव्या वर्षी मासेमारीची जुनी होडी का घ्यावी, असं तुम्ही विचाराल. त्याच्या बायकोनंही विचारलं होतं. "अहो, बादलीत पाय बुडवला तरी तुम्हाला शिंका येतात. होडी घेऊन करणार काय, तिला गिलावा?"

तसं उत्तर तिलाही ठाऊक होतं. उत्तर म्हणजे तिचाच धाकटा भाऊ.

ह्या मेहुण्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो बंद होत नसे. मिस्त्रीच्या हाताखाली वीस वर्षं त्यानं काम केलं. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर बांधकामाच्या परांचीची फळी निसटली आणि रेडिओ खाली गेला. पुरता गेला नाही; मिस्त्रीनं पालथं पडून त्याचं मनगट धरलं. खालची माणसं शिडी आणायला धावली. शिडी येईपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच काम होतं. शिडी आली, टेकली, कोणीतरी दोन पायऱ्या चढलंही, आणि मनगट सुटलं.

रेडिओ वाचला. वाळूच्या ढिगानं त्याला वाचवलं. पण डावा पाय दोन बोटं आखूड झाला, परांची कायमची संपली, आणि तेव्हापासून तो घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्टी सांगत बसायचा. दाजींना त्यानं कधी एका शब्दानं दोष दिला नाही. मिस्त्रीला तेच जास्त लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला शंभरदा वाटलं. आणि एक दिवस रेडिओ सहज म्हणाला, "होडीत बरं असतं बघा दाजी. बसून काम. लंगड्याला कोण विचारतंय तिथे!"

तो विसरला. मिस्त्री विसरला नाही.

२

होडी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. पाण्यापासून चांगली दूर. खाली लाकडी ओंडके, दोन्ही बाजूंना टेकू, मागच्या भागात एक खोली. खोली कसली, उभं राहून वळलं तर कोपर भिंतीला लागेल असं खोकं. मिस्त्रीनं होड्यांच्या म्हाताऱ्या सुताराला आणलं. सत्तरीचा, कानाला पेन्सिल, उजव्या हाताला तीनच बोटं. चौथं करवतीनं केव्हाच नेलेलं. त्यानं लाकडी मोगरी घेतली आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत फळी न् फळी ठोकत गेला. ठोकायचा, कान लावायचा, पुढे सरकायचा. जिथे आवाज बद्द आला तिथे खडूनं फुली.

"चार फळ्या बदलायच्या," तो शेवटी म्हणाला. "सांधे सगळे उकरून नव्यानं कापूस भरायचा, वरून राळ. बाकी होडी खणखणीत आहे. ज्यानं बांधली तो माणूस कामाचा होता."

मिस्त्रीनं उत्तरादाखल ओळंबा काढला आणि नाळेच्या लाकडाला लावून पाहिला. सुताराला हसू आवरेना. "मिस्त्री, होडीत काटकोन शोधता की काय? हिच्या अंगात एक सरळ रेघ सापडली तर मला दाखवा!"

पण होडी ओंडक्यांवर सरळ उभी होती, एवढं ओळंब्यानं सांगितलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मिस्त्रीला बरं वाटलं.

काम करता करता सुतार शिकवायचा. काठाची फळी इतकी जाड का, ते त्यानं असंच एकदा सांगितलं. "पाण्यात पडलेला माणूस काठाला लटकतो ना, म्हणून. चार बोटं आत, बाकी सगळा बाहेर. होडी त्या बाजूला कलते. त्याला ओढायला सगळे त्याच बाजूला धावले की होडी उलटते, सगळेच पाण्यात. एकानं ओढायचं, बाकीच्यांनी उलट्या बाजूला जाऊन बसायचं. नवख्यांना नेमकं हेच सुचत नाही."

मिस्त्रीनं मान हलवली आणि कापसाची वात सांध्यात ठोकत राहिला. हे काम त्याला आवडायला लागलं होतं. विटांच्या दरजा भरण्यासारखंच, फक्त उलटं. भिंतीत पाणी आत येऊ नये म्हणून भरतात आणि आलं तर घरधनी ओरडतो. इथे आलं तर ओरडायलाही कोणी उरत नाही. हा विचार मनात आला की त्याची मोगरी थांबायची. रेडिओ एकदा हातातून सुटला होता. ह्या होडीत बसवून त्याला पुन्हा सोडायचं नव्हतं. कुठलीही फट राहता कामा नये.

३

चारी फळ्या बसल्या, सांधे भरले, बाहेरून निळा रंग चढला. मग मागच्या खोलीत रेडिओसाठी बाक करायचं ठरलं, आखूड पायाला टेकण घेता येईल असं. सुतार त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता. मिस्त्रीनं छताच्या खिळ्याला ओळंबा टांगला, कोपऱ्याची उभी पट्टी दोरीशी ताडून पाहिली, आणि भुवया वर गेल्या. ओळंबा पट्टीला समांतर नव्हता. खाली टोकाशी दोन बोटं डावीकडे होता.

'खचली वाटतं,' तो मनात म्हणाला. इतके दिवस ठोकाठोक चाललेली, एखादा ओंडका दबला असेल. तो खाली उतरला, डावीकडच्या टेकूंखाली लाकडी पाचरी सारून घणाचे घाव घातले आणि होडी हळूहळू उचलली. वर जाऊन पाहिलं. दोन बोटं डावीकडे.

पुन्हा खाली. पुन्हा पाचरी. घामानं बनियन अंगाला चिकटलं. वर जाऊन पाहिलं. दोन बोटं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला तो दारातच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "हा काय उद्योग? उजवीकडे कलंडवलीत की हो तिला! अजून एक पाचर मारली असती तर टेकूवरून गेली असती."

मिस्त्रीनं नाळेला ओळंबा लावला. सुतार खरं बोलत होता. बाहेरून होडी चांगली चार बोटं उजवीकडे होती. दोघांनी मिळून पाचरी काढल्या, ती पुन्हा सरळ केली. मिस्त्री शिडीनं वर चढला आणि तोच ओळंबा, तीच दोरी खोलीत टांगली.

दोन बोटं डावीकडे.

त्यानं सुताराला काही सांगितलं नाही. काय सांगणार? चाळीस वर्षांत एकच गोष्ट खोटं बोलली नव्हती, आणि आज ती एकाच होडीत दोन वेगवेगळी उत्तरं देत होती.

४

मिस्त्री भोळा नव्हता. त्यानं एकेक गोष्ट तपासली. वारा असेल म्हणून खोलीचं दार लावलं, झरोक्यात गोणपाट कोंबलं. आतलं लोखंड ओढत असेल म्हणावं, तर ओळंबा पितळेचा. पितळेला कोण ओढणार? डोळे तपासायला भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि पट्टीनं मोजली. डोळे ठीक होते. दोरी बदलली. खिळा बदलला. शेवटी ओळंब्याऐवजी खिळ्याला कुलूप बांधून टांगलं, तर तेही डावीकडे जाऊन शहाण्यासारखं थांबलं.

घोडं कुठे पेंड खातंय ते काही केल्या कळेना.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिला वर यायचंच होतं. होडीत बसून चहा प्यायचा, असं तिनं सकाळीच जाहीर केलं होतं. ती पदर खोचून शिडी चढली, खोलीत अर्धवट झालेल्या बाकावर बसली, थर्मासमधून दोन काचेच्या ग्लासांत चहा ओतला आणि ग्लास फळीवर ठेवले. मिस्त्री ग्लासांकडे बघत होता.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

"चहा वाकडा आहे."

ग्लास सरळ होता. फळी सरळ होती; सकाळीच त्यानं ती खोलीच्या भिंतीशी काटकोनात ठोकली होती. पण ग्लासातला चहा डाव्या कडेला वर चढला होता आणि उजव्या कडेला खाली उतरला होता, आणि तसाच गपगार बसला होता. बायकोनं ग्लास उचलला, दारातून हात बाहेर काढून धरला. चहा सरळ झाला. हात आत घेतला. चहा वाकडा झाला.

तिनं तो ग्लास प्यायला नाही. बाहेर नेऊन ओतला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "ह्या होडीत माझ्या भावाला बसवणार तुम्ही?"

मिस्त्रीनं खिळ्याला टांगलेलं कुलूप सोडवून खिशात घातलं. 

५

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. ऊन चांगलं वर आलं होतं, पत्रे तापून कडकड वाजत होते. खोलीत ओळंबा टांगून तो त्याच्यासमोर मांडी घालून बसला. आज तपासायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवून.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की दोन बोटं ही काही पक्की नव्हती. ओळंबा हळूच तीन बोटांवर जायचा, थोडा थांबायचा, पुन्हा दोनवर यायचा. पुन्हा तीन. पुन्हा दोन. झोका नव्हे तो. झोका दोन्हीकडे जातो. हे एकाच बाजूला होतं. कोणीतरी जोर लावतंय, दम संपतोय, म्हणून सोडतंय, पुन्हा जोर लावतंय.

आणि बाहेर, डाव्या अंगाला, फळीवर काहीतरी घासल्याचा आवाज. पाय टेकायला जागा शोधणाऱ्या माणसाच्या टाचेचा असावा तसा. मग टप, टप असे थेंब. शेडमध्ये नळ नव्हता. महिनाभर आभाळात ढगही नव्हता.

मिस्त्रीची पाचावर धारण बसली. पण उठला तो. भीती वाटली तरी माणसाला बघावं लागतं, नाहीतर ती घरी सोबत येते. खोलीतून बाहेर येऊन तो डाव्या काठापाशी गेला आणि वाकला.

काठाच्या नव्या निळ्या रंगावर चार ओले ठसे होते. बोटांचे. बाहेरून आत वळलेले, नखाकडची टोकं होडीच्या आतल्या बाजूला. रंग तिथे पांढरट पडला होता, घट्ट धरल्यावर बोटं पडतात तसा.

काठ जमिनीपासून दीड पुरुष उंच. शिडी उजवीकडे. 'सुताराचे असतील,' असं मन पटकन म्हणालं, आणि तितक्याच पटकन गप्प झालं. सुताराच्या डाव्या हाताला वीतभर चिंधी बांधलेली होती, परवाच पटाशी लागली होती. आणि उजव्या हाताला बोटं तीन.

त्यानं खाली पाहिलं. शेडची जमीन, भुसा, एक रिकामा डबा. सगळं जागच्या जागी, कोरडं. आणि पाहता पाहता डोळ्यांसमोर ठशांच्या कडेला पाचवा, अंगठ्याचा ठसा उमटला.

शिडी उतरताना त्याच्या दोन पायऱ्या चुकल्या.

६

"होडी मोडून टाकतो," त्यानं त्या संध्याकाळी जाहीर केलं.

ओट्यावर रेडिओ आणि त्याची ताई बसली होती. रेडिओच्या हातात जाळ्याचं एक टोक होतं. महिनाभर तो जाळं विणायला शिकत होता आणि त्यावर बोलतही होता. आता हात थांबले. "का हो? रंग वगैरे झाला म्हणता, आणि मोडायची? हे म्हणजे लग्नाची तयारी करून मांडव पेटवून देण्यातला प्रकार."

मग मिस्त्रीनं सांगितलं. वर्षभरात बोलला नसेल एवढं तो एका बैठकीत बोलला. ओळंबा, पाचरी, चहा, दोन आणि तीन बोटं, ठसे. बायको मधेमधे "खरं आहे, मी पाहिलंय" म्हणत होती. तो थांबला तेव्हा पहिल्यांदाच रेडिओ बंद होता.

"दम खाऊन पुन्हा ओढतंय म्हणालात ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"हो."

"आणि डावीकडेच."

"हो."

"मग दाजी, त्यात काय कोडं आहे? कोणीतरी लटकलंय."

बायकोनं "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला.  मिस्त्रीला हे कळलं नव्हतं असं नाही. ओठावर आणायची हिंमत नव्हती.

रेडिओनं जाळं बाजूला ठेवलं. "मी स्वतः एकदा लटकलोय, मला माहीत आहे. एक गोष्ट सांगू का? सहा वर्षं सांगायची राहिलीय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून राहिली."

"सांग."

"तुम्ही मला सोडलंत असं तुम्हाला वाटतं. तसं नाही ते. घामानं कोणाचाही हात सुटला असता. पण तुम्ही बोलत नव्हतात, दाजी. वरून एक शब्द नाही. मला तुमचं तोंड दिसत नव्हतं, फक्त हात दिसत होता. मी म्हणत होतो, दाजी, दाजी, आणि वरून काही नाही. मला वाटलं वर कोणी नाहीच. नुसता हात आहे. मग माझाच जोर गेला. लटकलेल्याला काही नको असतं हो, वरचा बोलत राहिला की पुरतं."

मिस्त्रीला तेव्हा काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. तो रडला, एवढं खरं. बायकोसमोर आणि मेहुण्यासमोर, हमसून हमसून. "मला काही सुचलंच नाही रे," तो म्हणाला. "डोळे मिटून घेतले होते मी. घाबरलो होतो."

"माहीत आहे मला. म्हणून तर शिव्या दिल्या नाहीत." रेडिओनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "आता मोडायचं वगैरे राहू द्या. अकरा वर्षं लटकलेल्या माणसाच्या हातातली होडी मोडता? उद्या सकाळी मला तिथे न्या."

७

सकाळी दहाचं ऊन शेडच्या दारातून होडीच्या निम्म्या अंगावर पडलं होतं. रेडिओ शिडीपाशी येऊन थांबला. सहा वर्षांत तो एकही शिडी चढला नव्हता. त्यानं वर पाहिलं, घाम पुसला, म्हणाला, "ताई, मी पडलो तर माझं जाळं तू पूर्ण कर, गाठी सैल मारू नकोस," आणि पाय उचलला. खालून मिस्त्री, त्याच्या आखूड पायाला तळव्याचा आधार देत. नऊ पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर रेडिओ हसला.

सुतारानं सांगितलेली रीत मिस्त्रीला पाठ होती. बायको आणि रेडिओ उजव्या काठाला टेकून बसले. "माझं वजन पहिल्यांदाच कामी आलं बघा," रेडिओ म्हणाला. खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, आतला ओळंबा तिघांनाही दिसत होता. दोन बोटं. तीन. दोन.

मिस्त्री डाव्या काठावर पालथा झाला, छाती फळीला लावली आणि उजवा हात बाहेर सोडला.

हाताला हवा लागली. शेडमधली, तापलेली. मग थोडी गार. मग आणखी गार.

"बोला दाजी," पाठीमागून रेडिओ म्हणाला.

 काय बोलायचं? चाळीस वर्षं मिस्त्रीनं 'वीट दे' आणि 'माल आण' यापलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं.

"दाजी, बोला!"

"मी... मी मिस्त्री आहे," तो म्हणाला. "गवंडी. होडीतलं मला काही कळत नाही. मी तुझ्या होडीला पाचरी मारल्या, माझी चूक झाली. तू खाली लटकलेला आणि मी होडी सरळ करतोय असं समजून ती आणखी तिरकी केली. माफ कर." शब्द सुचू लागले. "चार फळ्या बदलल्यात. कापूस मी भरलाय, हातानं, एकही सांधा सोडला नाही. रंग निळा आहे, बायकोला हिरवा हवा होता. ती मागे बसलीय. तिचा भाऊ पण आहे, त्याच्याशी तुझं जमेल, त्याच्याशी सगळ्यांचं जमतं. मी आहे वर. ऐकतोयस ना? मी आहे. कुठे जात नाही."

त्याच्या मनगटावर काहीतरी बसलं.

गार, इतकं गार की हाड दुखलं. एक बोट, मग बाकीची. पकड आधी चाचपडणारी होती, मग घट्ट झाली. आणि वजन आलं. खांद्यातून कळ निघाली, छाती फळीवर दाबली गेली. सगळी होडी डावीकडे झुकली. शेडमधली नाही, ती दुसरी, आतली, अकरा वर्षांपूर्वी पाण्यावर असलेली. पाठीमागे बायको किंचाळली आणि रेडिओ ओरडला, "ताई, हलू नकोस! मागे रेल, मागे!"

गेल्या वेळी त्यानं डोळे मिटले होते. ह्या वेळी उघडे ठेवले.

खाली शेडची जमीन नव्हती. काळंहिरवं पाणी होतं, वरखाली होणारं, आणि त्यात त्याच्याच डोक्याची सावली डुचमळत होती. त्या सावलीच्या आत एक तोंड वर वळलेलं होतं. केस कपाळाला चिकटलेले, ओठ हलत होते. जास्त काही दिसलं नाही. पण ते तोंड भुताखेताचं नव्हतं. थकलेल्या माणसाचं होतं, आणि कोणीतरी आपल्याशी बोलतंय यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"आलास," मिस्त्री म्हणाला. "बघ, आलासच. पाय लाव फळीला. लावलास? हां. आता मी ओढतो. एक. दोन."

त्यानं ओढलं.

८

तो काठाच्या आत उताणा पडला होता. वर पत्रे, पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन. मनगटावर पाच पांढरे पट्टे हळूहळू लाल होत होते.

 होडीच्या फळीवर एक ओला ठिपका उठला. मग दुसरा, पाऊलभर अंतरावर. ते डाव्या काठाकडून उजवीकडे गेले, घाई न करता, अंग दुखत असलेल्या माणसासारखे. मिस्त्री तिथेच पडून बघत होता. भीती होती, पण आदल्या दिवशीची नव्हती. परक्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर वाटते तेवढीच.

ठिपके बायकोपाशी थांबले. आणि त्या बाईनं काय करावं? ती न कळत थोडी सरकली. बसमध्ये कोणाला जागा करून द्यावी तशी. तिच्या शेजारची फळी ओली झाली आणि तशीच राहिली.

"ओळंबा," रेडिओ कुजबुजला.

खोलीतला ओळंबा पट्टीला समांतर होता. केसाचाही फरक नव्हता.

"अहो," बायको समोर बघत, आवाज जपून म्हणाली, "थर्मास खाली राहिलाय. कोणीतरी चहा आणा. गरम हवाय."

तिघांत चार ग्लास भरले. एका ग्लासाला कोणी हात लावला नाही, पण त्यातला चहा सरळ होता आणि बराच वेळ वाफाळत होता.

९

होडी पाण्यात उतरली त्या दिवशी सुतार किनाऱ्यावर उभा होता. ती सरळ तरंगली, पाण्याची रेघ दोन्ही अंगांना सारखी. सुतारानं समाधानानं पेन्सिल कानामागे सारली. मग आवाज उतरवून म्हणाला, "मिस्त्री, आता सांगायला हरकत नाही. ही अकरा वर्षं का पडून होती ते माझ्या कानावर आलंय. तो माणूस कोण होता ते—"

"नको काका," मिस्त्री म्हणाला. "त्याला वाटलं तर तोच सांगेल."

सुतार त्याच्याकडे बघत राहिला. एका दमात एवढे शब्द त्यानं मिस्त्रीच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

चार दिवस मिस्त्री मेहुण्याबरोबर पाण्यावर गेला. खोलीत ओळंबा टांगलेला असायचा. रेडिओ डाव्या काठावरून जाळं ओढायचा, छातीपर्यंत बाहेर झुकायचा, पिंपासारखं अंग त्याचं. होडी त्या बाजूला जायलाच हवी होती. मिस्त्री दर वेळी काठ गच्च धरून ओळंब्याकडे बघायचा. ओळंबा हलायचा नाही. उजव्या काठाची एक फळी मात्र, तिथे कोणी बसलेलं नसताना, ओली व्हायची. रेडिओ सरळ झाला की वाळायची.

पाचव्या दिवशी रेडिओ म्हणाला, "दाजी, आज तुम्ही किनाऱ्यावरच थांबा. सहा वर्षं सगळे मला धरून आहेत."

मिस्त्री धक्क्यावर उभा राहिला. होडीचा दोर त्याच्या हातात होता. दुरुस्त करून बसवलेलं इंजिन सुरू झालं, होडी हिसके देऊ लागली, दोर ताणला गेला, आणि त्याची बोटं उघडेनात. त्यानं स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. मनगटावरचे पट्टे अजून पुरते गेले नव्हते.

"सोडा आता, दाजी," रेडिओ म्हणाला. हसत नव्हता.

"सोडतो," मिस्त्री म्हणाला. "पण ऐक. इंजिन गरम झालं तर थांबव. पाणी प्यायला घेतलंयस ना? तुझ्या ताईनं डब्यात जास्त दिलंय, दोघांना पुरेल, त्यालाही विचार. आणि मी इथेच आहे. ऐकू येतंय ना? इथेच आहे मी."

बोलता बोलताच त्यानं हात उघडला.

दोर पाण्यात पडला, रेडिओनं तो आत ओढून घेतला. होडी वळली. थोडं पुढे गेल्यावर रेडिओला काय उत्साह आला कोण जाणे, तो डाव्या काठावर चढून अर्धा बाहेर झुकला आणि दोन्ही हातांनी दाजींना टाटा करू लागला. किनाऱ्यावर उभा असलेला सुतार ओरडला, "अरे बैला, उलटशील!"

होडी एक बोटसुद्धा कलली नाही. मिस्त्री धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याशी बोलत राहिला.